नोंद न केलेले बदल

‘नेट नाही, त्यामुळे काम बंद आहे’ असे कोणी म्हटले की विलास ढवळे आधी त्या माणसाकडे पाहतो आणि मग बसायला खुर्ची शोधतो. उभ्याने भांडण नीट होत नाही, असे त्याचे मत आहे.

त्याचे घर वाटूरला, फाट्यापासून जवळ. वय पंचेचाळीस. पुण्यात बारा वर्षे प्रोग्रामर होता. तिथे सगळ्यांचे काम एकाच सर्व्हरवर असे आणि सर्व्हर बसला की चाळीस माणसे चहा पीत बसत. “चाळीस शिकलेले माणसं, काका! अन् एकाच्या बी मशिनीत कालचं काम न्हाई!” ही हकीकत त्याने मला वीसेक वेळा सांगितली आहे. संताप दर वेळी ताजा होता.

मी परतूरला राहतो. तिथल्या एका साप्ताहिकात उपसंपादक होतो. साप्ताहिक बंद पडले आणि त्याचे अंक जुन्या फॉन्टमध्ये सीड्यांवर राहिले. आज ते उघडले की अक्षरांच्या जागी निरर्थक खुणांची रास दिसते. ते अंक पुन्हा वाचता यावेत म्हणून विलास आणि त्याची थोरली बहीण मंगलअक्का यांनी एक प्रोग्राम लिहायला घेतला. अक्काचे परतूरला डीटीपीचे दुकान होते. जुन्या फॉन्टची कोणती कळ कोणते अक्षर देते, हे तिच्या बोटांना पाठ होते. तपासण्याचे काम माझ्याकडे आले. तिघांची तीन यंत्रे, आणि काम ‘गिट’ या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामवर.

गिट मला विलासने ओरडून शिकवले. फोल्डर उघडल्यावर ज्या फायली दिसतात, ज्यांत आपण खाडाखोड करतो, ती वर्किंग कॉपी. त्याच फोल्डरच्या पोटात एक लपलेले फोल्डर असते, ती रिपॉझिटरी. कोणी, केव्हा, काय बदलले, याचा पहिल्या दिवसापासूनचा इतिहास तिच्यात असतो. वर्किंग कॉपीतला बदल ‘कमिट’ केला, म्हणजे नोंदवला, की तो इतिहासात जमा होतो, आणि त्याला नेट लागत नाही. नेट लागते ते एकमेकांना देण्याघेण्यापुरते. म्हणजे प्रत्येकाच्या घरी पूर्ण इतिहास. “सर्व्हर मालक न्हाई कोणाचा,” विलास म्हणे. “त्यो बी आपल्यासारखाच एक.”

हे तो कोणालाही सांगे. एका कचेरीत ‘सर्व्हर डाउन’ असा कागद चिकटवलेला होता. विलासने खिडकीतल्या बाईंना अर्धा तास समजावले. मागची रांग हळूहळू बाईंच्या बाजूची झाली. “ह्यांचं इंजिनियरिंग होऊ द्या, आपण जेवून येऊ,” असे म्हणून दोघे निघूनही गेले.

माझाही अपमान झाला आहे. एकदा मी माझे काम पेनड्राइव्हवर घालून त्याच्याकडे नेले. दिसणाऱ्या फायली तेवढ्या उचलल्या. लपलेले फोल्डर घरीच राहिले. त्याने पाहिले आणि पेनड्राइव्ह चिमटीत धरून मला परत दिला. “वऱ्हाड घेऊन आलात काका, नवरदेव घरी ठिवून!” मी साठ वर्षांचा माणूस. त्या दिवशी त्याने विचारूनही मी चहा घेतला नाही.

संध्याकाळी सहाला त्याचा फोन ठरलेला असे. “कमिट केलं का? न्हाई? मंग दिवसभर काय करून राह्यले?”

तीन वर्षांपूर्वी अक्का वारली. त्यानंतर प्रोग्राम एका जागी अडला. ‘सर्व’ असा शब्द आला की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसे. अक्का शेवटी त्यावरच काम करत होती, हे मला माहीत होते. ते काम कुठे आहे, असे विचारले की विलास विषय बदलत असे.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी वाटूरला गेलो. कपाटाशेजारी स्टुलावर अक्काचा लॅपटॉप होता. चालू. बॅटरी इतकी फुगली होती की कळा वर उचलल्या गेल्या होत्या.

“हात लावू नका,” विलास म्हणाला.

मी हात लावला नाही, पडदा वाचला. एका फायलीत बदल आहेत, कमिट केलेले नाहीत, असे गिट सांगत होते. माझा तोल गेला.

“दोन वर्षं? अरे, हे तुझ्या रिपॉझिटरीत नाही, माझ्या नाही, सर्व्हरवर नाही. मशिन गेलं की गेलं! आणि मला रोज सहाला फोन?”

“म्हाइत हाय मला.”

“निदान पेनड्राइव्हवर तरी घे.”

“अक्का दवाखान्यात जाताना म्हणली, मधीच हाय, बंद करू नको, आल्यावर करते.” तो पडद्याकडे पाहत होता. “मंग म्या बंदच केला न्हाई. लाइट जाती म्हणून इन्व्हर्टर घेतला.”

मी म्हणालो, “बंद करू नको म्हणाली. हरवू दे म्हणाली नाही.”

त्याने खुर्ची ओढली, पण भांडला नाही. गिट एकेक बदल दाखवून ‘हा घेऊ का’ असे विचारते. तो प्रत्येक बदल वाचून “हां” म्हणत गेला. शेवटची ओळ अर्धवट होती.

“ही वगळ,” मी म्हणालो. “प्रोग्राम बंद पडेल.”

“पडू द्या. तिनं लिवलं ते बराबर तसंच जाईल.”

नोंदीसाठी एक वाक्य लागते. मी ‘रफाराची दुरुस्ती’ असे सुचवले. “बातमी हाय का ही?” तो खेकसला आणि त्याने ‘मधीच हाय’ असे लिहिले. यंत्र अक्काचे असल्याने नोंदीवर नाव आपोआप तिचे आले. तारीख मात्र त्या दुपारची. उपसंपादक म्हणून ही चूक मी एरवी छापू दिली नसती.

संध्याकाळी परतूरला पोहोचून मी ती नोंद माझ्या यंत्रावर घेतली. प्रोग्राम अपेक्षेप्रमाणे बंद पडला. तासाभरात दुसरी नोंद आली, विलासच्या नावाची. तीत अक्काची ओळ पुरी केलेली होती. मी साप्ताहिकाचा एक जुना अंक घातला. रफार जागेवर होते.

फोन वाजला.

“चालला का?”

“चालला.”

“वाचा बरं मोठ्यानं.”

मी वाचू लागलो. आष्टीच्या बाजारातली गर्दी, परतूर स्टेशनवरचा बंद नळ, शाळेचे स्नेहसंमेलन. पहिले पान संपले तेव्हा मला वाटले, फोन कटला असावा.

“विलास?”

“हाय ना,” तो म्हणाला. “पुढं?”

मी दुसरे पान उघडले.