पाठ नेमकी कुणाची

साल होतं २०२२. तोंडावरचे मास्क नुकतेच गळ्यात उतरले होते, जिल्ह्याचं नाव अजून अहमदनगरच होतं आणि देवळाली प्रवऱ्यात रंगुबाईंच्या मोनिकाचा साखरपुडा येत्या रविवारवर येऊन ठेपला होता. रंगुबाई बुंदी पाडत बसल्या होत्या. तेवढ्यात त्यांचे यजमान कारभारी मोबाईल हातात धरून चुलीपाशी आले.

"ए, हे बघ. अंगदनं माझं चित्र काढलंय."

अंगद हा गावचाच पोरगा. लहानपणी शाळेच्या भिंतीवर कोळशानं घोडे काढून मार खाल्ला, मोठेपणी उसाच्या ट्रॉल्यांच्या मागच्या फळीवर मोर आणि गुलाब रंगवले, आणि मग पुण्याला चित्रकलेच्या कॉलेजात गेला. त्याच्या पहिल्या प्रदर्शनाला म्हणे वॉचमन सोडून कुणी फिरकलं नव्हतं. नंतर त्यानं निराळीच वाट धरली. माणसं काढायची ती पाठमोरी. चेहरा कधी काढायचाच नाही. वर मोकळं आभाळ, खाली ओल्या मातीचा आणि वाळल्या पाचटाचा रंग भिंतीला लिंपावा तसा जाड थापलेला, आणि मध्ये एखादं माणूस पाठ करून उभं. गावात सगळ्यांचं मत असं की पोराला नाक काढता येत नाही, म्हणून ही पळवाट. पण मुंबई-दिल्लीकडं त्या पाठींचं नाव झालं, बक्षिसं मिळाली, एक पाठ तर जर्मनीला गेली.

गावच्या वाचनालयाचा नवा हॉल बांधून झाला तेव्हा अध्यक्ष वैजनाथ सरांनी त्याच्याकडे एक चित्र मागितलं. शाळेत अंगदला छड्या त्यांनीच मारलेल्या, त्यामुळं हक्क होता. अंगदनं चित्र दिलं आणि सरांनी त्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला.

रंगुबाईंनी झारा बाजूला ठेवून पाहिलं. कमरेइतक्या उसात उभं माणूस, अंगात मळका पांढरा शर्ट, डोक्याला टॉवेल, डाव्या खांद्यावर फावडं. उजवा खांदा जरा उतरलेला, मान एका अंगाला कललेली, उजवा हात पालथा कमरेवर. उसाला पाणी देताना सरींची तोंडं उघडायची आणि बुजवायची, त्याला आपल्याकडे दारं धरणं म्हणतात. चित्राचं नाव होतं 'दारं धरणारा'.

"ही तुमची पाठ हाय, हे कशावरनं?" रंगुबाईंनी विचारलं.

"आता स्वतःची पाठ मानसाला वळखू येत न्हाई व्हय?"

"तुमी कधी बघितली?"

कारभारींनी यावर विचार केला नाही. त्यांनी सरळ ग्रुपवर लिहून टाकलं, की गावाच्या वाचनालयात आपली पाठ लागत आहे याचा आनंद वाटतो.

तासाभरात गोरक्षनाथांचं उत्तर आलं. गोरक्षनाथ म्हणजे कारभारींचे धाकटे चुलत भाऊ, रानाला रान लागून. त्यांनी लिहिलं, पाठ माझी आहे, कारभारींच्या पाठीला बाक आहे आणि तो सगळ्या गावाला माहीत आहे.

एरवी ते कारभारींना दादा म्हणायचे. नुसतं 'कारभारी' वाचलं आणि रंगुबाईंना साखरपुड्याची काळजी लागली.

त्यालाही कारण होतं. बांधावरचा एक लिंब तोडण्यावरून दोन्ही घरांत जे फाटलं होतं, ते पुरुषांनी लग्नाकार्याच्या निमित्तानं कसंबसं शिवून घेतलं होतं. पण रंगुबाई आणि गोरक्षनाथांच्या बनुबाई या जावाजावांचा अबोला दहा-बारा वर्षं टिकून होता. मोनिकाला आलेलं स्थळ मात्र बनुबाईंच्याच माहेरचं. हर्षल त्यांच्या सख्ख्या भावाचा मुलगा, सुप्याला कंपनीत होता. सगळं ठरवणं दोघी जावांनी एकाच ओसरीवर शेजारी बसून, मोनिकाला मध्ये घेऊन केलं होतं. "मोनिका, तुझ्या आईला सांग, पावनी पन्नास हायेत." "मोनिका, काकीला सांग, पन्नास काय, शंभर येऊ द्या." दोघींच्या मध्ये हातभर अंतर. इतक्या कष्टानं जुळत आणलेलं हे, आणि आता एका शर्टाच्या पाठीवरून मोडायची वेळ.

दुसऱ्या दिवशी वैजनाथ सरांनी निमंत्रणपत्रिका छापून आणली आणि आगीत तेल पडलं. शनिवारी चित्राचं अनावरण, चित्रकार अंगद यांचा सत्कार, 'तसेच चित्रातील शेतकऱ्याचा शाल व श्रीफळ देऊन सन्मान'.

"पन सर, त्यो शेतकरी कोन?" कारभारींनी विचारलं.

"ते अंगद सांगेल. मी फोन केलाय."

सरांनी खरंच फोन केला होता. अंगद तेव्हा दिल्लीत होता. तो म्हणाला, "सर, ती एका माणसाची पाठ नाही. ती कष्टाची पाठ आहे."

"ते खरंय रे," सर म्हणाले, "पण कष्टाला शाल कशी पांघरायची?"

मग गावात चौकशी सुरू झाली. कारभारींनी बांधावर उभं राहून मोनिकाला आपल्या पाठीचे फोटो काढायला लावले. ते तिनं काढले आणि मोबाईल त्यांच्या हातात ठेवला. गोरक्षनाथ चौकातल्या शिंप्याकडे गेले. दोन्ही घरांचे शर्ट त्याच्याकडेच शिवलेले. त्यानं मोबाईल डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ निरखला.

"शिलाई माझीच हाय," तो म्हणाला. "आत कोन हाय ते मला काय ठाव?"

सरांनी तोड काढली, दोघांनाही शाल देऊ.

"पाठ एक आन् शाली दोन?" गोरक्षनाथ म्हणाले. "आमी काय जुळं हाय?"

शुक्रवारी संध्याकाळी तर दोन्हीकडून निर्वाणीचे निरोप सुटले, आणि तेही मोनिकामार्फतच. पाठ कारभारींची ठरली तर गोरक्षनाथ साखरपुड्याला येणार नाहीत, आणि तेच आले नाहीत तर त्यांच्या सासुरवाडीचे पाहुणे तरी कुठल्या तोंडानं येतील. पाठ गोरक्षनाथांची ठरली तर कारभारी त्यांच्या पाहुण्यांत मुलगी देणार नाहीत. म्हणजे पाठ कुणाचीही ठरो, साखरपुडा मोडलाच. मोनिका स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सांगत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

"आई, मी हर्षलला काय सांगू? पाठीवरनं मोडलं?"

रंगुबाईंनी तिच्याकडूनच अंगदला फोन लावून घेतला.

"अंगद, मी रंगुकाकू बोलती. लेकरा, पाठ ह्या दोघांतल्या कुनाचीच न्हाई म्हन. काष्टीच्या बैलबाजारात बघितलेला कुनी गडी हाय म्हन."

"काकू, खरं सांगू? मलाच माहीत नाही. लहानपणी शाळेला जाताना पाटाच्या कडेनं जायचो, तेव्हा तुमच्या दोन्ही रानांच्या मध्ये कुणीतरी असं उभं दिसायचं, पाठमोरं. तोंड कधी दिसलं नाही. ती पाठ डोक्यातून जाईना, म्हणून तर मी पाठी काढायला लागलो."

"मग तसंच सांग. तोंड दिसलं न्हाई म्हन."

"सांगतो," अंगद म्हणाला.

शनिवारी हॉल गच्च भरला. कारभारी आणि गोरक्षनाथ, दोघेही पांढरा शर्ट घालून आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून आले होते. गोरक्षनाथांनी तर फावडंही आणलं होतं, ते सरांनी दारातच ठेवून घेतलं. पडदा बाजूला झाला, चित्र दिसलं, टाळ्या वाजल्या. अंगदनं माईक घेतला आणि ठरल्याप्रमाणं खरं तेच सांगितलं. तोंड दिसलं नव्हतं, त्यामुळं माणूस कोण ते सांगता येणार नाही.

"तोंड कशाला पायजे?" कारभारी उठले. "पाठ दिसली ना? मग पाठच बघा की."

आणि ते व्यासपीठावर चढून चित्राखाली लोकांकडे पाठ करून उभे राहिले. गोरक्षनाथ मागे राहतात होय. तेही चढले. दोघांनी मान कलवली, हात पालथा कमरेवर ठेवला, खांदा पाडला. कारभारींनी चुकून डावा पाडला. लोकांनी आधी हसू दाबलं, मग मागच्या रांगेतून कुणीतरी "जरा सरका, चित्र दिसंना" म्हणालं आणि सगळा हॉल हसला.

अंगदनं दोन्ही पाठींकडे नीट पाहिलं. चित्रकाराच्या नजरेला खोटं बोलता येईना.

"काका, माफ करा," तो म्हणाला. "ही दोघांचीही नाही."

इथं रंगुबाईंना हायसं वाटायला हवं होतं. पण गोरक्षनाथ गर्रकन वळले. "याला कारभारींनी फितवलंय. काल त्यांच्या घरनं फोन गेला हुता, मला समदं ठाव हाय."

"फोन केला आसंल तर माझ्या इरोधात केला आसंल," कारभारी म्हणाले आणि त्यांनी बायकोकडे असं पाहिलं, की रंगुबाईंनी पदर सावरून जमिनीकडं बघितलं.

"बनू, चल घरी," गोरक्षनाथ खाली उतरत म्हणाले. "उद्याचं काय खरं न्हाई."

बनुबाई उठल्या. त्यांच्यामागं त्यांच्या माहेरची दोन माणसं उठली. मोनिका भिंतीला टेकली. वैजनाथ सरांनी आयुष्यभर वर्ग सांभाळले होते. गोंधळ झाला की पुढचा धडा सुरू करायचा, एवढं त्यांना ठाऊक होतं.

"अरे, औक्षण राहिलं," ते माईकवर म्हणाले. "पाहुण्यांचं औक्षण व्हायचंय. रंगुबाई, या."

औक्षणाचं काम रंगुबाईंकडं आधीपासूनच दिलेलं. भर सभेत नाही कसं म्हणणार? त्या ताट घेऊन वर गेल्या. चित्राखालीच अंगद खुर्चीवर बसला होता. त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. फोटोवाला म्हणाला, "काकू, जरा तसंच थांबा." थांबायचं म्हटल्यावर त्यांनी ताट डाव्या हातात खांद्याशी धरलं आणि उजवा हात, नेहमीच्या सवयीनं, पालथा कमरेवर ठेवला. उजवा खांदा खाली उतरला. मान एका अंगाला कलली.

हॉलमधली कुजबुज हळूहळू थांबली. वर चित्रातली पाठ होती आणि खाली, जरीच्या साडीत, तीच पाठ उभी होती. रंगुबाईंना कळेना, लोक गप्प का झाले.

दाराशी पोचलेल्या बनुबाई थबकल्या होत्या.

"थांबा वो जरा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "ही तर आमच्या थोरल्या बाईंची पाठ हाय."

"काय बोलती?"

"मी न्हाई बोलनार तर कोन बोलनार? इतकी वर्सं मी समोरनं आले की ह्या वळून हुभ्या ऱ्हायच्या. विहिरीवर तेच, गिरनीत तेच. तोंड काय बघायला मिळालं न्हाई, पाठ तेवढी बघितली. अंधारात सुदिक वळखीन."

अंगद खुर्चीतून उठला. "काकू, माझ्या शाळेच्या वेळी तुम्ही दारं धरायला जायचात?"

"लगीन होऊन वरीस झालं हुतं," रंगुबाई हळूच म्हणाल्या. "ह्यांची कंबर धरली हुती, लई दिवस उठता येत नव्हतं. मग पानी कोन देनार? लुगड्यावर ह्यांचा शर्ट घालायचा, डोक्याला टावेल बांधायचा. समद्याच बाया घालत्यात. तवाच फावड्यानं खांदा उतरला, त्यो तसाच ऱ्हायला."

उसानं कमरेखालचं लुगडं झाकलं होतं, बाकी काही नाही. मुंबईच्या एका मोठ्या समीक्षकानं याच चित्रातल्या 'पुरुषी कणखरपणा'वर चार पानं लिहिली होती, ती आठवून अंगद खाली बसला.

आता कारभारी काय करतात इकडं सगळ्यांचं लक्ष गेलं. ते चित्राकडे बघत राहिले, बायकोकडे बघत राहिले.

"शर्ट तर माझाच हाय की," ते शेवटी म्हणाले. "म्हंजे पाठ आमच्याच घरातली."

गोरक्षनाथांनी दारातून विचारलं, "पन तुमची न्हाई ना, दादा?"

"माझी न्हाई."

"मग माझं काय म्हननं न्हाई." आणि ते आत येऊन आपल्या खुर्चीवर बसले. पाहुणेही बसले.

सरांनी शाल पुढे केली. ती पांघरून घ्यायला हात मोकळे हवेत, ताट कुठं ठेवावं म्हणून रंगुबाई वळल्या, तर समोर बनुबाई येऊन उभ्या. या वेळी वळून उभं राहायला जागा नव्हती, मागं भिंत होती आणि भिंतीवर ते चित्र.

"बनू," रंगुबाई म्हणाल्या, "एवढं ताट धर."

बनुबाईंनी धरलं.

रविवारी साखरपुडा झाला. मोनिका आता सुप्यालाच असते, तिला एक मुलगी आहे, आणि निरोप पोचवायचं काम सुटल्यापासून तब्येत भरली असं ती म्हणते. वैजनाथ सर पुढच्या वर्षी वारले. चित्राखालच्या नावाच्या पट्टीवर 'धरणारा'चं 'धरणारी' करावं असं त्यांच्या मनात होतं, पण पितळी पट्टी काढली तर भिंतीचा रंग निघेल म्हणून ती राहिली. अंगदनं नंतर प्रथमच एक चेहरा काढला, रंगुबाईंचा, त्यांना तीन दुपारी समोर बसवून. चित्र पाहून गावाची खात्री पटली की पोराला नाक खरंच जमत नाही. त्यानंही ते मान्य केलं आणि तो पुन्हा पाठींकडे वळला. कारभारी नि गोरक्षनाथ बांधावर बसून तंबाखू मळतात. शाल रंगुबाईंची, पण थंडीत ती अंगावर असते कारभारींच्या.

आणि दोघी जावा खुरपायला एकाच रानात जातात. जायची पायवाट अरुंद, एकामागं एकच चालता येतं. बनुबाई नेहमी पुढं होतात.

"धाकट्यांनी मागं चालावं," रंगुबाई म्हणतात.

"लई वर्सं तुमची बघितली," बनुबाई मागं न बघता म्हणतात. "आता तुमी माझी बघा."