फौजदारबाईंचा हिरवा पट्टा

ताण मोजता येऊ लागल्यापासून तो फार वाढला आहे, याबद्दल जाणत्या लोकांत आता दुमत राहिलेलं नाही. पूर्वी तो नव्हता. पूर्वी लोकांच्या पोटात गोळा येई, जीव टांगणीला लागे, डोळ्याला डोळा लागत नसे, बसल्या जागी हातपाय गळत. पण ताण कुणालाच नव्हता. (ज्याला तो शब्दच ठाऊक नाही, त्याला तो होणार तरी कसा?)

हे मोलाचं ज्ञान फौजदारबाईंच्या घरात त्यांच्या मुलाने आणलं. मुलगा एका कचेरीत मोठ्या साहेबाच्या खालचा साहेब होता. म्हणजे बोलणी खाण्यापुरता साहेब. कर्मचाऱ्यांच्या मनःशांतीसाठी काम कमी करावं की माणसं वाढवावीत, यावर कचेरीने पुष्कळ विचार केला आणि मनगटी पट्टे वाटले. घरटी चार. जीव शांत असला की पट्टा हिरवा, ताणला की लाल. मध्ये पिवळाही होता, पण या घरात तो कुणी फारसा पाहिला नाही.

घरात माणसंही चारच. मुलगा, सून, नात आणि मुलाची आई. या आईला गल्लीत फौजदारबाई म्हणत. (तोंडावर म्हणून पाहणारा अजून जन्मायचा होता.) शाळेशी त्यांचा संबंध अक्षरओळखीपुरता आला, पुढे शाळेलाच झेपलं नसावं. त्यांच्या ताब्यात घराची मागची खोली होती. एक खिडकी, एक खाट, एक शिलाई मशीन आणि त्या घरातलं नीट लागणारं एकमेव दार. नवरा गेल्यापासून त्या खोलीवर त्यांनी कुणाची सावली पडू दिली नव्हती.

नेमकी तीच खोली मुलाला हवी होती.

"आई, घरात एक शांत खोली लागते. आता शास्त्रच तसं सांगतं," तो म्हणाला. "ज्याला जास्त ताण, त्याने तिथे जाऊन बसायचं. तू बैठकीत झोप. हवा पण चांगली येते तिथे."

"हवा एवढी चांगली आहे तर तूच का नाही बसत तिथे?"

सुनेने गोड आवाज काढला. ती घरूनच नोकरी करायची आणि हा आवाज तिच्या कामाचाच भाग होता. "रागावू नका ना, आई. आजकालचं आयुष्य फार दगदगीचं झालंय. तुमच्या वेळी असं नव्हतं."

"नव्हतंच मुळी," फौजदारबाई म्हणाल्या. "आमच्या वेळी सासूबाई होत्या."

इथवर सगळं त्यांच्या बाजूने चाललं होतं. पण अभिमानी माणसाला जिंकलेला डाव आणखी एकदा जिंकायचा असतो. त्यांनी हात पुढे केला. "मलाही बांधा तो पट्टा. रविवारपर्यंत ज्याचा सगळ्यांत लाल, त्याची खोली. होऊन जाऊ दे."

लग्न झाल्या दिवसापासून साठवलेला ताण आपल्यापाशी आहे, तो एकदम बाहेर काढला तर पट्ट्याचा धूर निघेल, अशी त्यांची खात्री होती.

पट्ट्यांनी कामाला सुरुवात केली. मुलाचा पट्टा साहेबाचा फोन आला की लाल होई. फोन नाही आला तर जास्तच लाल होई. सुनेचा पट्टा मीटिंग ठरली की पेटे आणि रद्द झाली की भडके, कारण रद्द झालेली मीटिंग आपल्याला वगळून भरली असणार, हे ती जाणून होती. नातीचं सोपं होतं. मैत्रिणीने तिचा निरोप वाचला होता आणि उत्तर दिलं नव्हतं. तिघंही सोफ्यावर शेजारी शेजारी, पाय वर घेऊन लाल होत बसत. दृश्य मोठं प्रेक्षणीय होतं. प्रगत घर म्हणतात ते हेच.

फौजदारबाईंनी पहाटे पाणी भरलं. हिरवा. करपलेलं पातेलं घासलं. हिरवा. भिजलेली जाड चादर एकटीने पिळली, नळदुरुस्तीवाल्याला गळक्या नळावरून असा सोलून काढला की तो पान्हा विसरून पळाला. तरी हिरवागार. वर पट्ट्याने टिंग करून काहीतरी लिहिलं. नातीने वाचून दाखवलं, "आजी, हा म्हणतोय, शाबास! उत्तम व्यायाम. आज तुम्ही स्वतःसाठी वेळ काढलात."

"कुणासाठी?"

"स्वतःसाठी."

फौजदारबाई पातेल्याकडे बघत राहिल्या. एवढ्या वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते एका रबराच्या तुकड्याने.

यंत्राचा यात काही दोष नव्हता. हात चालू, घाम आलेला, काळीज धडधडतंय, म्हणजे माणूस व्यायाम करतोय, एवढं त्याला शिकवलेलं. मागच्या पिढ्या ताणाशिवाय कशा जगल्या, या कोड्याचाही उलगडा त्यातच होता. त्या सगळ्या व्यायाम करत होत्या. फौजदारबाईंच्या सासूबाई तर व्यायाम करता करताच गेल्या.

मुलाने शनिवारी सकाळी मागच्या खोलीची मापं घेतली. नवी गादी कुठे बसेल ते पाहिलं. शिलाई मशीन "तात्पुरतं" जिन्याखाली ठेवायचं ठरलं. (त्या घरात तात्पुरती ठेवलेली वस्तू पुन्हा कुणाला दिसल्याची नोंद नाही.)

ते ऐकून फौजदारबाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. खुर्ची ओढली, स्वयंपाकघराच्या दारासमोर मांडली आणि बसल्या.

"काय झालं, आई?" सून धावत आली. "बरं नाही का?"

"काही नाही. तुमच्यासारखी बसलेय."

गॅसवर दूध होतं. ते वर चढू लागलं. फौजदारबाईंनी ते पाहिलं आणि त्या उठल्या नाहीत. दूध काठाशी आलं. पट्टा पिवळासुद्धा न होता सरळ लाल झाला. दूध उतू गेलं, शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून खाली. मनगटावरचा पट्टा थरथरायला लागला. मग सुनेने ते ओल्या फडक्याऐवजी नव्या टॉवेलने पुसलं. मुलाने बादली भरली आणि अर्धी वाटेत सांडली. नातीने पातेलं घासायला घेतलं. आतून घासलं, बाहेरून घासलं आणि कड तशीच सोडली.

कड तशीच सोडली!

फौजदारबाईंच्या पट्ट्याने गजर केला. 'ताबडतोब बसून घ्या,' असं त्यावर आलं. त्या बसलेल्याच होत्या. नुसतं बसणं एवढं जड असतं, याची त्यांना कल्पना नव्हती. क्षणभर त्यांना त्या सोफ्यावरच्या तिघांची कीवही आली. पण ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही आणि सांगणारही नाहीत.

रविवारी संध्याकाळपर्यंत फौजदारबाई खुर्चीत आणि बाकी तिघं कामात. मग पट्टे टेबलावर मांडले. आधीच्या दिवसांतला सगळा लाल रंग पट्ट्यांनी पुसून टाकला होता, कारण ताज्या ताणालाच तेवढी किंमत असते. मुलगा हिरवा. सून हिरवी. नातीला तर 'या आठवड्याची उगवती खेळाडू' असा किताब मिळाला होता. फौजदारबाईंचा पट्टा लाल होऊन होऊन बंद पडला होता.

"खोली कुणाची?" त्यांनी विचारलं.

"तुझीच," मुलगा ओले हात शर्टाला पुसत म्हणाला.

तेव्हापासून घर ठीक चाललंय. कचेरीने मुलाच्या शांत कुटुंबाचा सत्कार केला. तो सुकायला घातलेले कपडे उचलून मग सत्काराला गेला. फौजदारबाई खोलीचं दार उघडं ठेवून बसतात, कारण लाल राहायचं तर पातेल्याची कड दिसायला हवी. पूर्वी ताण जास्त होता की आता, असं कुणी विचारलंच तर त्या म्हणतात, "तेव्हा कोण बसलेलं होतं आणि आता कोण बसलंय, ते आधी सांगा."

तुम्हालाही ताण फार असणार. त्याशिवाय का कुणी पाय वर घेऊन इतका वेळ वाचत बसतं? बसा, उठू नका. आतून भांड्यांचा आवाज येतोय, त्याकडे लक्ष देऊ नका. कुणीतरी स्वतःसाठी वेळ काढत असेल.