थोरल्याला थोरलाच म्हणायचं

भालेराव साखर कारखान्यात रुजू झाले त्या दिवशी थेट माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "तुम्हाला नक्की काय म्हणायचं?"

"गायकवाडबाई म्हणा."

"आणि घरी?"

मी दचकलेच. ऊसनोंदीचा विभाग सांभाळणाऱ्या, दोन मुलांच्या आईला नवा माणूस हे विचारतो? पण गृहस्थ गंभीर होते. माहेरी शालन, सासरी सुनंदा, कारखान्यात बाई आणि चेअरमनसाहेबांच्या तोंडी ताई, हे ऐकून त्यांचा चेहराच पडला.

"एका माणसाला चार नावं? घोटाळा होतो. एकच ठरवा."

"आता ठरवून काय उपयोग? लग्नाआधी भेटायला हवं होतंत," मी म्हटलं. ते हसले नाहीत.

सुधाकर भालेराव हे आमचे कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. कारखान्यात दोन गोडाऊनं होती. निम्मे लोक एकाला 'जुनं' म्हणत, निम्मे दुसऱ्याला. एका रविवारी भालेरावांनी स्वतः शिडीवर चढून दोन्हींवर रंगाने नावं घातली. सोमवारी कार्यकारी संचालक गाडीतून उतरले आणि उघड्या तोंडाने बघत राहिले. कँटीनवाल्याने 'हाफ' आणि 'कटिंग' एकच असं सांगितल्यावर भालेरावांनी त्याचंही बौद्धिक घेतलं. तेव्हापासून तो त्यांना पाहिलं की मागच्या दाराने जाई.

पण त्यांचा खरा जीव अडकला होता तो काचेच्या खोलीतल्या दोन युनिक्स सर्व्हरांत. दोन्हींच्या मधे डिस्कांचं एकच कपाट होतं. एक सर्व्हर बंद पडला तर दुसऱ्याने तेच कपाट उघडून काम पुढे न्यायचं, अशी सोय. अडचण एवढीच, की कुठल्या डिस्कला काय म्हणायचं हे प्रत्येक सर्व्हर आपल्या मनाने ठरवायचा, केबल कुठल्या खाचेत आहे ते बघून.

"समजा घरात दोन भाऊ," भालेराव मला सांगत. "हा म्हणतो तो थोरला, तो म्हणतो हा थोरला. उद्या सांगितलं की धाकट्याची पाटी पुसा, तर पुसली जाईल थोरल्याची!"

त्या थोरल्या डिस्कवर तालुक्याची सगळी ऊसनोंद होती. कुणाची लागण कधीची, कुणाच्या उसाला आधी तोड. ती पुसली गेली असती तर गावागावांत कोयते निघाले असते. म्हणून त्यांनी केबली जुळवून दोन्हीकडची नावं कशीबशी एक केली होती. केबल कुठेही लावली तरी नाव बदलणार नाही असा कायमचा बंदोबस्त करायला ते एक दिवस सर्व्हर बंद मागत होते, आणि तो मिळत नव्हता.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जोडून भालेरावांनी रजा घेतली. नेमकी मधे खंडेनवमी. दसरा उलटल्यावर मी कामावर आले, तर सर्व्हरांना हळदकुंकू, झेंडूचे हार, आणि हेडक्लार्क वाकचौरेअण्णा हात झाडत उभे.

"बघा बाई, कसे लखलखीत केलेत! सगळ्या वायरी काढून पुसल्या."

"आणि परत कशा लावल्या?"

"जिथं बसल्या तिथं बसवल्या की!"

अण्णांचा हात बटणाकडे निघाला होता. "हात लावाल तर याद राखा," म्हटलं, खोलीला कुलूप घातलं आणि जीप घेऊन शहरातली सावेडी गाठली.

भालेरावांच्या फ्लॅटमधे त्यांच्या आई कॉटवर बसलेल्या. त्यांच्या आई आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. माझं ऐकून भालेराव उठलेच. शेजारीण गावाला गेलेली, म्हाताऱ्या आईंना एकटं ठेवता येईना. तेव्हा त्यांनाही जीपमधे घेतलं.

कारखान्यात आईंना काचेपाशी माझ्या खुर्चीत बसवलं. भालेराव हार बाजूला करून आत घुसले, एकेक केबल मागेपुढे तपासत राहिले. एकदाही 'हे कुणी केलं' म्हणाले नाहीत. दुपार उलटून गेल्यावर त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर ऊसनोंद दिसली, दोन्हीकडे, एकाच नावाने. अण्णांनी पडद्यालाच हात जोडले. आणि भालेराव म्हणाले, "आज काम बंद आहेच, तर कायमचंही करून टाकतो."

तेवढ्यात आईंनी काचेवर टकटक केली.

"आशोक! ए आशोक!"

भालेरावांचं नाव तर सुधाकर. आता हा माणूस आईलासुद्धा दुरुस्त करणार, असं वाटून मी डोळेच मिटले.

"काय गं आई?" भालेराव म्हणाले.

अण्णा माझ्या कानाशी आले. "थोरला भाऊ त्यांचा. त्यांच्या गावचा, काष्टीचा, माझा साडू सांगत होता. जाऊन लई वर्सं झाली."

"सुदाकर न्हाई आला आजून?" आई विचारत होत्या.

भालेरावांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "कामाव गेलाय. येईल सांजच्याला."

"चिकित्सक हाय लई. कामात जेवायचं इसरतंय. थोरला हायेस तू, त्याच्याकडं बघ जरा."

"बघतो, आई."

ते पुन्हा कपाटाकडे वळले. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. मी माझा डबा उघडला आणि काचेच्या दारातून आत सरकवला.