नानांचा बिनलिफ्टचा रविवार

"काम कामाच्या जागी, घर घराच्या जागी! यात अवघड ते काय?" असे नानांनी डॉक्टरांना ठणकावून सांगितले, तेव्हा त्यांचा रक्तदाब एकेक मजला घेत वर चालला होता.

नाना म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीतले सर्वांत जुने तंत्रज्ञ. झोपेत कूस बदलण्यापूर्वीही ते "बाजूला व्हा, दार बंद होतंय" असे बजावतात, ही बायकोची जुनी तक्रार. आठवड्यातून एक दिवस तरी कामाचे नाव काढायचे नाही, असा हुकूम डॉक्टरांनी सोडला. त्याची अंमलबजावणी अर्थातच बायकोकडे गेली.

"या रविवारी माझ्या धाकट्या बहिणीकडे जेवायला जायचंय," ती म्हणाली. "तिथे लिफ्टचा 'ल' जरी काढलात, तर पुढच्या महिन्यात समुद्रावर तुमच्याऐवजी धाकटीच येईल!"

"अगं, 'ल' काय घेऊन बसलीस? बाराखडीतूनच काढून टाकतो!"

कितीतरी वर्षांनी ठरलेली सहल होती ती. नानांनी त्यासाठी स्वतःला रुंद काठाची टोपीसुद्धा आणून ठेवली होती.

रविवारी सकाळी नानांचा फोन कपाटात गेला आणि कपाटाला कुलूप लागले. शिवाय बायकोने नानांच्या साहेबांना दम भरला, "आज यांना हाक माराल तर गाठ माझ्याशी आहे!" बंदोबस्त चोख झाला. फक्त धाकटीच्या इमारतीतल्या लिफ्टच्या, म्हणजे नानांच्याच देखरेखीखालच्या, यंत्राच्या खोलीची किल्ली तेवढी नानांच्या मोज्यात राहिली. 'राहिली' हा शब्द नानांचा.

धाकटी सहाव्या मजल्यावर राहत असे. दोघी बहिणी स्वयंपाकघरात शिरल्या. साडूंची पाठ धरली होती, म्हणून ते आतल्या खोलीत आराम करत होते. नाना दिवाणखान्यात एकटेच बसले. आणि भिंतीकडून आवाज आला.

किर्र... कट्! पुन्हा किर्र... कट्!

त्या भिंतीला लागूनच लिफ्टची विहीर, म्हणजे ती वर-खाली करते तो उभा बोगदा, होती. "ब्रेक घासतोय," डाव्या कानाने निदान केले. "तुला काय करायचंय?" उजव्याने दटावले. नानांनी पंखा पाहिला. मासिक उघडले, वाचले, आणि ते उलटे धरले आहे हे बऱ्याच वेळाने ध्यानात आले. गुडघा आपोआप हलू लागला. किर्र... कट्! लिफ्टचा जीव जन्मभर टांगणीलाच असतो. आता नानांचाही लागला.

"जरा पाय मोकळे करून येतो गं!" असे ओरडून ते बाहेर पडले आणि तडक जिना चढून इमारतीच्या माथ्यावरच्या यंत्राच्या खोलीत पोहोचले.

नुसते पाहायचे, हात लावायचा नाही, असा त्यांचा निर्धार होता. पण ब्रेकवरचे झाकण काढल्याशिवाय दिसणार काय? आणि वीज बंद केल्याशिवाय झाकण काढणे म्हणजे महापाप! नानांनी खटका खाली ओढला. त्यापूर्वी लिफ्टमध्ये कुणी आहे का हे पाहावे, असा नियम आहे. पण तो कामावर असतानाचा. आज नाना सुट्टीवर होते.

झाकण निघाले. ब्रेक अगदी नव्यासारखा! नाना बुचकळ्यात पडले, तोच दोरांसाठी जमिनीला ठेवलेल्या भोकांतून घंटा घणघणली आणि पाठोपाठ आवाज आला.

"हॅलो! लिफ्ट अडकलीय! आत मी आणि माझी बहीण आहोत!"

बायको! स्वारी कामावर पळाली असणार, या संशयाने ती बहिणीला घेऊन खाली शोधायला निघाली होती. तिने थेट कंपनीलाच फोन लावला होता, आणि स्पीकर चालू असावा, कारण विहिरीतून साहेबही बोलू लागले.

"कोण, वहिनी? तिकडचा माणूस आज सुट्टीवर आहे. हाक मारली तर गाठ तुमच्याशी आहे!"

"मग दुसरा पाठवा!"

"दुसरा पार गावाच्या त्या टोकाला आहे, वहिनी."

"ताई, मला गुदमरतंय गं!" धाकटी कळवळली.

नानांच्या हातातून झाकणाचा स्क्रू निसटला आणि घरंगळत मोटरीखाली गेला. झाकण घट्ट बसवल्याशिवाय वीज सुरू करायची नाही, हाही नियमच! नाना लहान मुलासारखे रांगू लागले.

"वहिनी, एक गंमत आहे," साहेब म्हणाले. "इथे पडद्यावर दिसतंय, वीज गेलेली नाही. वरच्या खोलीतून कुणीतरी बंद केलीय. त्या खोलीला कुलूप असतं. एक किल्ली इथे माझ्यासमोर आहे. दुसरी..."

मग खालून एक मऊ, घरगुती हाक वर आली.

"अहो!"

"ओ!" नाना म्हणाले.

संसार मुरला की असे होते! जीभ चावून काही उपयोग नव्हता.

अखेर स्क्रू सापडला, वीज सुरू झाली आणि लिफ्ट सहाव्या मजल्यावर आली, तेव्हा नाना काळेकुट्ट हात पाठीमागे लपवून दाराशी उभे होते.

"धाकटे," त्यांच्याकडे न पाहताच बायको म्हणाली, "बॅग भरायला घे."

"अगं, पण ब्रेक घासत असता आणि तुम्ही दोघी आत..."

"घासत होता का?"

"...नाही."

"मग?"

"आवाज येत होता गं! शप्पथ!"

तिघे घरात आले. लिफ्ट जागच्या जागी स्वस्थ उभी होती. आणि तरीही... किर्र... कट्!

धाकटीने त्याच भिंतीला लागून असलेल्या आतल्या खोलीचे दार ढकलले. साडू झुलत्या खुर्चीत डोळे मिटून मागे-पुढे डुलत होते.

"या, या नाना!" ते खुशीत म्हणाले. "पाठीला बरी पडते ही, पण मेली फार कुरकुरते. तुम्ही त्यातले जाणकार. तेलाचे दोन थेंब सोडता का?"

नानांचा काळा हात लगेच पुढे झाला, आणि मध्येच थबकला. त्यांनी बायकोकडे पाहिले.

"हे कामात धरायचं की घरात?" त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारले.

उत्तर अजून मिळालेले नाही. खुर्ची मात्र आता मुळीच वाजत नाही. आणि टोपी धाकटीला जराशी सैल होते, असे समुद्रावरच्या फोटोंवरून दिसते.