अक्कांच्या गळ्यातलं बिऱ्हाड

आमच्या शेजारच्या कमलाक्षीअक्कांची बेल वाजवली की आतून कोण बोलेल याचा नेम नाही. कधी खोकणारा म्हातारा, कधी खाष्ट सासू, कधी दात पडलेलं पोर. दार उघडतं तेव्हा समोर एकट्या अक्का, हातात लाटणं!

मस्कतच्या वादी कबीर भागात मी राहायला आले तेव्हा महिनाभर मी चकित. दोन खोल्यांत केवढा हा गोतावळा! इमारतीच्या राखणदाराची, म्हणजे आमच्या नातूरची, तर खात्रीच पटली. त्यानं जाऊन घरमालकाचे कान भरले, "अर्बाब, उधर आठ आदमी रहता है!" अर्बाब तरातरा वर आले. अक्कांनी त्यांना सोफ्यावर बसवलं आणि आठही जणांचे आवाज एकेक करून काढून दाखवले. अर्बाब हसून हसून बेजार. "खलास! आठों रहो," म्हणून निघून गेले.

अक्का बेळगावच्या. तरुणपणी कन्नड सिनेमात गेल्या आणि तिथं त्यांनी काय केलं नाही ते विचारा! मागच्या रांगेत नाचल्या, कोरसमध्ये गायल्या, नायिकेचे झंपर शिवले, ती घोड्याला घाबरते म्हणून तिच्या जागी घोडाही दौडवला. पण खरी कमाल डबिंगमध्ये. मुंबईहून आलेल्या नायिकांना कन्नडमधलं ओ की ठो कळायचं नाही. त्या नुसते ओठ हलवायच्या, बोलायच्या अक्का. "तोंड तिचं, जीव माझा की गं!" असं ठसक्यात सांगायच्या.

एकच गोष्ट त्यांना डाचायची. मुलगा विनय, इथंच मस्कतात कुरुमला ऑफिसात; अक्का त्याच्याकडेच राहायच्या. त्यानं आईचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. अक्का शूटिंगला, म्हणून तो बेळगावात आजीपाशी वाढला. मामा हाक मारायचे तशी तोही आईला ‘अक्का’च म्हणायला लागला, तो आजतागायत. "सिनेमानं माझी आई नेली, तो मी कशाला बघू?" असं एकदा माझ्या नवऱ्याजवळ बोलला होता. आणि अक्का माझ्याजवळ म्हणायच्या, "एकदाच बघू दे की गं त्यानं. दुसरं काय मागत नाही मी."

आणि काय सांगू! कन्नड मंडळींनी एका शुक्रवारी हॉलमध्ये जुना सिनेमा लावला, आणि निघाला नेमका अक्कांचा! अख्खी इमारत गाड्या भरून निघाली. विनय म्हणाला, "मला काम आहे." शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, कसलं डोंबलाचं काम? मी तोंडावर म्हटलं तसं. तर म्हणतो, "इन्शाल्ला, बघतो." याचा अर्थ ‘येत नाही’ हे मस्कतात शेंबडं पोरही सांगेल.

हॉलमध्ये अक्कांना नुसतं उधाण आलं होतं. "तो हात माझा! ती पाठ माझी! अगं, ती शिंकपण माझी!" पुढचे लोक वळून वळून बघायला लागले. मध्यंतरानंतर मागची खुर्ची करकरली. विनय! अक्कांनी एकदा वळून पाहिलं आणि पदर सावरून त्या ताठ बसल्या.

पडद्यावर तापानं फणफणलेलं एक पोर "अम्मा, अम्मा" करत होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली.

"अक्का, हाही तुमचाच आवाज?" मी विचारलं.

त्या हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळी तार आली होती गं. विनयला ताप आहे म्हणून. स्टुडिओवाल्यांनी मला सोडलं नाही. तिकडं तो कसा हाका मारत असेल, तशा मी इथं मारल्या. एकदाच. लगेच ओके झालं."

मागची खुर्ची पुन्हा करकरली. चालला वाटतं उठून, मला वाटलं, ऐकलं यानं सगळं.

विनय सरळ सिनेमा लावणाऱ्या लॅपटॉपवाल्यापाशी गेला. त्याचा आवाज हॉलभर ऐकू आला.

"भाईसाब, वो बच्चेवाला सीन फिर से लगाओ ना. मेरी माँ है वो."