वरून जाणारे, खालून जाणारे

सदर इमारतीला लिफ्ट नव्हती, जिना एकच होता, आणि एका शुक्रवारी सकाळी त्या जिन्यात जेवणाचं एक टेबल अडकलं, ही या प्रकरणाची अधिकृत सुरुवात मानली जाते. टेबल दुसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या दंतवैद्यांचं होतं. हमालांनी पहिल्या मजल्याच्या अलीकडच्या वळणावर दम खायला म्हणून ते चारही पायांवर टेकवलं. पाणी पिऊन पुन्हा उचलायला गेले, तर त्याचा एक कोपरा कठड्याच्या गजांत आणि दुसरा भिंतीच्या गिलाव्यात रुतून बसलेला. हमालांनी ओढलं, ढकललं, एकमेकांच्या घराण्याचा उद्धार केला आणि आपली मजुरी घेऊन निघून गेले.

"पाय कापला की लगेच निघेल," जमलेल्या रहिवाशांना दंतवैद्य घाम पुसत म्हणाले. "पण टेबल सासऱ्यांनी दिलंय. त्याचा एक पाय गेला तर माझे दोन्ही शाबूत राहायचे नाहीत. माझ्या ओळखीचा एक सुतार आहे, उद्या येऊन अलगद काढेल. तेवढं आजच्या दिवस ॲडजस्ट करा."

सगळ्यांत आधी मान डोलावली ती तिसऱ्या मजल्यावरच्या भूगोलाच्या सरांनी. सरांनी उभ्या आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. वर्गात एखाद्याने नदी समुद्रातून डोंगराकडे वाहवली, तरी ते "तसंही म्हणता येईल" म्हणून पुढच्या मुलाकडे वळत. आपलं कुणाशीच वाकडं नाही, याचा त्यांना भारी अभिमान होता. "त्यात काय एवढं," ते म्हणाले, "शेजाऱ्यांनी ॲडजस्ट नाही करायचं तर कुणी करायचं?" हे वाक्य सगळ्यांना इतकं आवडलं, की टेबलाचा त्रास होतोय असं म्हणणं तिथून पुढे जरा हलकटपणाचं वाटायला लागलं.

सुरुवातीचे दिवस खरोखर छान गेले. टेबलाच्या दोन्ही टोकांना जेमतेम एक खुर्ची मावेल एवढी जागा होती, बाकी अख्खं वळण टेबलाने व्यापलं होतं. त्यामुळे ज्यांना चढता येई ते वरून जात आणि ज्यांना वाकता येई ते खालून. लोक एकमेकांच्या पिशव्या धरत, हात देत, "सांभाळून हं" म्हणत. वर्षानुवर्षं ज्यांनी एकमेकांकडे पाहून साधी मान हलवली नव्हती, ते आता एकमेकांना काखेत धरून उतरवत होते. सोसायटीच्या अध्यक्षांनी फलकावर लिहिलं, "परस्पर सहकार्याच्या बाबतीत आपली इमारत आदर्श ठरली असून टेबलाचे आभार."

फक्त सरांच्या आईची पंचाईत झाली. तिला टेबलावर चढताही येत नव्हतं आणि टेबलाखाली वाकताही येत नव्हतं, गुडघ्यांनी दोन्ही बाबतींत केव्हाच हात टेकले होते. कठडा धरून जिन्याने सरळ ये-जा तेवढी जमायची, आणि रोज दुपारी ती तशी उतरून तळमजल्यावर राहणाऱ्या आपल्या बहिणीकडे, म्हणजे सरांच्या मावशीकडे जायची. दोघी कळत्या वयापासून भांडत आल्या होत्या आणि भांडण पुढे न्यायचं तर रोज भेटणं भागच होतं. आता मावशी खालून आणि आई वरून, अशा जिन्याच्या पोकळीत ओरडून भांडायला लागल्या.

"आई, एका दिवसाचा तर प्रश्न आहे," सर म्हणाले.

"तुझा एक दिवस मला माहीत आहे," आई म्हणाली. "गच्चीतला नळसुद्धा तू एका दिवसासाठीच गळू दिला होतास."

सुताराला दुसऱ्या दिवशी ताप आला. ताप उतरल्यावर त्याने निरोप धाडला, की या हवेत लाकूड फुगतं, जरा उतरू द्या. लाकूड काही उतरेना. आणि तेवढ्यात पहिला अपघात झाला. दुसऱ्या मजल्यावरचे व्यायामशिक्षक, ज्यांना सगळे पैलवान म्हणत, वरून उतरत असताना चौथ्या मजल्यावरच्या लेखापरीक्षक काकू खालून बाहेर आल्या. पैलवानांचा बूट काकूंच्या अंबाड्यावर पडला. बूट आधी पडला की अंबाडा आधी आला, याबद्दल तातडीची सभा बोलवावी लागली.

सभेत असं निघालं, की हा बुटाचा प्रश्नच नव्हता, हा तत्त्वाचा प्रश्न होता. "आम्ही कुणापुढे वाकत नाही," पैलवान छाती काढून म्हणाले, "म्हणून आम्ही वरून जातो." काकू शांतपणे उठल्या. "जिथे माणसं जेवतात तिथे आम्ही पाय देत नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून आम्ही खालून जातो." दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. कालपर्यंत ज्याला जसं जमेल तसा जो तो जात होता, आज प्रत्येकाला कळलं की आपण का जात होतो.

अध्यक्षांनी परिपत्रक काढलं. वरून जाणाऱ्यांना 'ऊर्ध्वमार्गी' व खालून जाणाऱ्यांना 'अधोमार्गी' असं संबोधण्यात यावं, दोहोंना समान दर्जा राहील, कोणीही कोणाच्या मार्गाबद्दल नाक मुरडू नये. नाक मुरडणं त्याच संध्याकाळी सुरू झालं. दारांवरच्या पाट्यांवर नावाखाली मार्ग लिहिला जाऊ लागला. ऊर्ध्वमार्गी आपल्या मुलांना सांगत की खालून गेलं की उंची खुंटते, अधोमार्गी सांगत की वरून जाणाऱ्यांच्या डोक्यात वारं शिरतं. पहिल्या मजल्यावर नवरा वरून आणि बायको खालून जायची. त्यांचा 'मिश्र दांपत्य' म्हणून जाहीर सत्कार झाला आणि सत्कारात कुणी कुठे उभं राहायचं यावरून ते दोघं आठवडाभर बोलेनासे झाले. घर भाड्याने मागायला येणाऱ्याला आता कामधंदा कुणी विचारत नसे, फाटकातच विचारत, "वरून की खालून?"

सर अडचणीत आले. त्यांनी जाताना वरून आणि येताना खालून, असा मध्यममार्ग काढला, तर दोन्हीकडचे लोक त्यांना धरसोडीचा माणूस म्हणू लागले. एकदा घाईत ते येताना वरून आले, तर काकूंनी त्यांना अडवून विचारलं, "सर, सगळं ठीक आहे ना घरी?"

आणि मग एके दिवशी खरोखरच सुतार आला. हसतमुख गृहस्थ होता. त्याने टेबलाला एक प्रदक्षिणा घालायचा प्रयत्न केला, ती जमली नाही, तेव्हा वाकून पाहिलं आणि म्हणाला, "एक पाय सोडवला की झालं. नंतर असा जोडून देतो, की सासऱ्यांना काय, लाकडालासुद्धा कळायचं नाही." सरांना इतका आनंद झाला, की त्यांनी त्याचा हातच हातात घेतला.

पण करवत पिशवीतून निघते न निघते तोच वरून पैलवान आणि खालून काकू धावत आल्या. एकमेकांशी शब्द न बोलणारी ही दोन माणसं टेबलाच्या दोन बाजूंना हात पसरून उभी राहिली. इमारतीत इतकी एकजूट कुणी कधी पाहिली नव्हती.

"टेबल काढलं तर आम्ही कुठून जायचं?" पैलवानांनी विचारलं.

"जिन्याने," सुतार म्हणाला.

"म्हणजे हे लोक आणि आम्ही एकाच वाटेने?" काकूंचा आवाज कापरा झाला होता. "अहो, काही रीतभात आहे की नाही?"

अध्यक्षांनी दोघांच्या भावना समजून घेतल्या. समाज कसाबसा दोन मार्गांवर सुरळीत लागलाय, तो एकदम मोकळा सोडला तर लोक एकमेकांवर आपटतील, असं ते म्हणाले. दंतवैद्यांचं मत विचारायचं कुणाला सुचलं नाही, कारण त्यांना मध्यंतरी 'संस्थापक' हा किताब दिला होता आणि संस्थापकांना कोणी मत विचारत नाही. सुताराला चहा पाजून वाटेला लावण्यात आलं.

"पण माझ्या आईचं काय?" सरांनी हळूच विचारलं.

हा प्रश्न विचारला नसता तर बरं झालं असतं. आतापर्यंत आई कुठल्याच मार्गाची नव्हती, हे दोन्ही पक्षांच्या एकदमच लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी पैलवान चार धट्टेकट्टे गडी आणि एक खुर्ची घेऊन दारात हजर झाले. आजींना बसल्या जागी उचलून टेबलावरून पलीकडे नेऊ, एक थेंब घाम येऊ देणार नाही. ते जातात न जातात तोच काकू चाकं लावलेली फळी आणि मऊ गादी घेऊन आल्या. आजींनी नुसतं आडवं पडायचं, आम्ही अलगद खालून सरकवू.

"मी माणूस आहे," आई म्हणाली, "कपाट नाही."

"आई, लोक आपुलकीने म्हणतायत, थोडंसं ॲडजस्ट..."

"तुझं सगळ्या जगाशी पटतं ना," आई त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, "ते माझ्या जिवावर पटतं. तू मान डोलावतोस आणि मी घरात बसते."

त्या दुपारी जिन्याच्या पोकळीतून मावशीचा आवाज आला नाही. आईने तीनदा हाका मारल्या, दोन अपमान केले, तरी नाही. तिचा चेहरा पाहून सर धावत खाली गेले. वरून गेले की खालून, हे त्यांना नंतर आठवेना, पण साक्षीदारांमध्ये त्यावरून मतभेद आहेत. मावशी धडधाकट होती, खिडकीशी फुगून बसली होती.

"तिला सांग, मेले नाहीये मी," मावशी म्हणाली. "पण ओरडून भांडण्यात काही राम नाही रे. तिचं तोंड कसं झालंय ते दिसत नाही. आणि हल्ली वाटतं, आता दिसायचंही नाही." शेवटचं वाक्य बोलताना तिने खिडकीबाहेर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी बंडबिंड काही केलं नाही. त्यांनी टेबलाच्या वरच्या टोकाला एक खुर्ची ठेवली, खालच्या टोकाला एक ठेवली, आईला हाताला धरून खाली आणलं, मावशीला अर्धा जिना वर आणलं, आणि मधे मटाराच्या शेंगांची टोपली, चहाची किटली आणि पत्त्यांचा जोड ठेवला. जेवणाचं टेबल आल्या दिवसापासून पहिल्यांदाच टेबल म्हणून वापरात आलं. दोघी बहिणींनी एकमेकींकडे क्षणभर नुसतं पाहिलं. मग मावशी म्हणाली, "किती वाळलीस," आणि आई म्हणाली, "तू मात्र जराही नाहीस," आणि गाडी रुळावर आली.

आता मात्र कुणालाच जाता येईना. वरून जावं तर चहा आणि पत्ते, खालून जावं तर दोघींचे पाय, शिवाय वाटेत खुर्च्या. पैलवान एक पाय उचलून तसेच थांबले. काकू अर्ध्या वाकून तशाच राहिल्या.

"आजी, जरा सरकता का? ऑफिसला उशीर होतोय."

"सरकते की, बाळ," आई पत्ते पिसत म्हणाली. "एवढा डाव होऊ दे. आजच्या दिवस ॲडजस्ट कर."

डाव संपत नव्हता, कारण मावशी रडीचा डाव खेळत होती आणि आई ते मान्य करत नव्हती. जिन्यात वरपर्यंत आणि खालपर्यंत माणसं तुंबली. वेगवेगळ्या मार्गांची माणसं एकाच पायरीवर खेटून उभी होती आणि आपण कुणाला खेटलोय हे पाहायचं टाळत होती. अखेर अध्यक्षांनी सरांना बाजूला घेतलं.

"सर, तुम्ही समजूतदार आहात. आईंना तेवढं सांगा ना."

"नाही," सर म्हणाले. शब्द इतका छोटा असतो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं, म्हणून त्यांनी तो पुन्हा एकदा म्हणून पाहिला.

जिन्यातल्या जिन्यात सभा भरली आणि या इमारतीच्या इतिहासातला पहिला एकमताचा ठराव झाला. वृद्धांच्या अतिक्रमणामुळे टेबल हलवणे अपरिहार्य असून समितीस खेद होत आहे. बहिणींना मानाने आपापल्या बाजूच्या पायऱ्यांवर नेऊन बसवलं गेलं. पैलवानांनी टेबल पेललं, काकूंनी बॅटरी धरली, आणि दंतवैद्यांनी सासऱ्यांचा विचारही न करता करवत चालवली. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात टेबल निघालं.

जिना मोकळा झाला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वळणावर येताच पैलवानांनी पाय उंच उचलला, हवेतली काहीतरी वस्तू ओलांडली आणि पुढे गेले. काकू कमरेत वाकल्या, चार पावलं तशाच चालल्या आणि सरळ झाल्या. दोघांच्या पाठोपाठ बाकी सगळे. दारांवरच्या पाट्या जशाच्या तशा राहिल्या. आई कठडा धरून मधून सरळ उतरली, तेव्हा सगळे दोन्हीकडे थबकून तिच्याकडे बघत राहिले. अध्यक्षांनी तिची नोंद 'इतर' या सदरात केली आणि ती खाली दार लोटून "काल पत्ते कुणी लपवले होते" असं विचारत मावशीकडे शिरली.

तुम्ही हसताय, हसा. पण एक खरं सांगा. आपण वरून गेलो असतो की खालून, हे तुम्ही वाचता वाचता मनात केव्हाच ठरवून टाकलंत, आणि जे दुसरीकडून गेले असते त्यांच्याबद्दल तुमचं मत तेव्हाच थोडं वाईट झालं. टेबल काढा, असं मात्र तुम्ही तेव्हा म्हणाला नव्हतात.