लेओनाबाई टिस्डेल यांणी सिनेमाचा आरंभ जिंकिला, त्याची हकीकत

सावध होऊन ऐकावे. इसवी सन एकोणीसशे अठ्ठेचाळीस, माहे ऑक्टोबर, आयोवा प्रांती कसबे मिलर्स बेंड येथील वज्रचुडेमंडित लेओनाबाई टिस्डेल यांणी हॉलिवुडचा खुनाचा सिनेमा पहिल्या अक्षरापासून पाहावयाची मोहीम कैसी तडीस नेली, ते यथास्थित लिहितो.

आमचे मुलखी रिवाज ऐसा की, क्राउन थिएटरात खेळ दुपारपासून अखंड फिरत असे, आणि रयत जेवण उरकेल तेव्हा अंधारात शिरे, आणि मधूनच पाहू लागे, मग शेवट पाहून आरंभ पाही, आणि जेथून पाहू लागलो ते ठिकाण येताच उठून घरी जाई. त्यामुळे लग्न जाहल्यापासून बाईंनी खुनी आधी सापडलेला पाहिला आणि खून मागाहून. छातीत धडकी म्हणोन कधी भरली नाही. हे शल्य थोर.

मग फर्मान सुटले, "ह्या शनिवारी पहिल्यापासून बघायचं. जेवण घरी परत आल्यावर."

यजमान राजश्री ऑर्व्हिलराव, धान्यकोठाराचे कारभारी, अर्ज करिते जाहले, "अगं, शेवट ठाऊक असला की जिवाला घोर नसतो."

"मला घोरच हवाय!"

मग खासा स्वारी मोटारीत बसून कूच करिती जाहली, आणि थिएटरचे दरवाजी गनीम आडवा आला. शेजारीण बर्निस क्रुपाबाई खेळ पाहून बाहेर पडत होत्या, आणि पाहिलेला शेवट त्यांचे पोटात आजवर टिकला नव्हता.

"अगबाई, लेओना! काय सिनेमा आहे म्हणून सांगू! मला वाटलंच नव्हतं, की तो..."

लेओनाबाई पांढऱ्याफटक पडल्या. समय बिकट. इतक्यात ऑर्व्हिलरावांनी टोपी काढून छातीशी धरिली आणि भर रस्त्यात उंच स्वरे राष्ट्रगीत आरंभिले. ते चालू असता बोलणे आमचेकडे मोठा गुन्हा, आणि क्रुपाबाईंचा लेक तर युद्धात आरमारावर होता. सबब त्या जागीच ताठ, छातीवर हात, मुखी कुलूप, डोळ्यांत मात्र अंगार. रावांनी नेत्रपल्लवी केली आणि लेओनाबाई आत निसटल्या.

परंतु उचललेले गीत मध्ये टाकता येईना. मग गीत सरताच "ऑर्व्हिल, डोकं फिरलंय का तुझं?" म्हणोन क्रुपाबाईंनी जी खरडपट्टी काढिली, तीत आतला खून होऊन गेला.

राव अंधारात चाचपडत येऊन बसले. "कोण मेलं गं?"

"ती म्हातारी. गप्प बसा हो, मला घाम फुटलाय!"

आणि शेवटी खुनी उघडा पडला, तेव्हा बाईंनी ऐसी किंकाळी फोडिली की मागील रांगेतील लोकांचे मक्याच्या लाह्या उधळल्या. मग बाई विजयी मुद्रेने उठल्या. राव उठेनात.

"चला की."

"माझी सुरुवात राहिलीय."

बाईंनी त्यांजकडे पाहिले, आणि परत बसल्या. मग खेळ पुन्हा आरंभला, आणि तो खुनी फुले घेऊन म्हातारीचे दारी आला, तेव्हा बाईंनी रावांचा हात घट्ट धरिला. "बघा, बघा, कसा साळसूद हसतोय मेला!"

ऐसी आरंभाची मोहीम उभयतांनी फत्ते केली. मी लेस्टर ग्रोव्ह, क्राउनचे दरवाजी तिकिटे फाडणारा, देखिले तैसे लिहिले. ज्यांणी येथवर वाचिले, त्यांचा मनापासून आभारी आहे.